टेपाची उन्हातली बाजू

हिरू, गेलीस तीही माझ्या आधी. लग्न तुझं आधी, मूल तुझं आधी, टेप तर तुझाच, आणि आता हेही. वयानं माझ्याहून धाकटी ना गो तू? मग जरा थांबायला काय झालं होतं?

रागावू नकोस. आणि रागावलीस तरी आता काय करणार आहेस? तू गेलीस त्या दिवशी तुझ्या ओट्यावर बायका येऊन रडून जात होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच, "काय आवाज होता गो हिरूचा!" मी आत पाण्याचे तांबे भरत होते आणि ऐकत होते. त्या आवाजाच्या समोर बसून कुणीतरी उत्तर देत होतं, हे एकीलाही आठवलं नाही. मला रडू येत होतं, खरंच येत होतं. पण अशी एखादी आली आणि बोलली की पोटात दुखायचं आणि रडू मागे जायचं. तू असतीस तर तुला कोपर मारून सांगितलं असतं, बघ, आजच्या दिवशीसुद्धा मला जळवतेस.

आपण दोघी दांडी गावच्या, एका आळीच्या. बोंबील वाळत घालताना एकमेकींच्या काठ्या ओढायच्या आणि मार खायचा, असं आपलं लहानपण. मग तू नवापूरला नथूभाऊजींच्या घरात गेलीस आणि पुढं त्यांच्या धाकट्या भावाशी माझं जमलं. सगळे म्हणाले, मैत्रिणी मैत्रिणी जावा झाल्या, किती छान. छान तुला. मी मोठी असून मला तुला 'वयनी' म्हणायला लागलं. चारचौघांत मी 'वयनी' म्हटलं की तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मला दिसायचं ते.

तरी ते मी चालवून घेतलं. गाण्याचं मात्र नाही चाललं. आपल्याकडं हळदीची गाणी दोघींनी म्हणायची. एकीनं ओळ टाकायची, समोरचीनं झेलायची. टाकणारी विचारते, नवरी कुठल्या होडीत बसली, तिच्या डोईवर सावली कुणी धरली, तिच्या मागं दारात कोण उभं राहिलं. झेलणारी उत्तर देते. दांडीला आपण पाळीपाळीनं टाकायचो. नवापूरला आल्यावर पहिल्याच हळदीला सासूबाई म्हणाल्या, "मोठी टाकंल, धाकटी झेलंल." झालं. तू विचारायचं आणि मी उत्तरं देत बसायचं. आणि लोकांच्या लक्षात काय राहतं? विचारणारी.

त्यात तो टेप आला. भाऊजी आखातात कुठल्याशा बोटीवर काम करून परत आले ते तो खांद्यावर घेऊनच. चंदेरी, दोन बाजूंना जाळीचे दोन मोठे गोल, वर धरायला दांडी, एरियल वर काढली की पार कौलांना लागेल अशी. रेकॉर्ड करायला लागलं की एक लाल दिवा पेटायचा. अख्खं नवापूर बघायला आलं होतं. त्याच दिवाळीत आमच्या ह्यांना बोईसरच्या कंपनीतून स्टीलचा डबा मिळाला होता. मी तो मुद्दाम पुढच्या दारी बसून घासत होते, दोघीतिघींनी बघितलाही असता. तेवढ्यात तुझ्या ओट्यावर टेप सुरू झाला आणि माझ्यापुढच्या बायका उठून तिकडं गेल्या. डबा अजून आहे माझ्याकडं. त्यात मी पोहे ठेवते.

भाऊजींनी तो टेप काय जपला! पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर चढवली की ते इंजिन उघडून ग्रीस भरायचे. खाऱ्या वाऱ्यात आपल्याकडं जे जे लोखंडाचं, त्याला तेल नाहीतर ग्रीस लागतंच. दाराची कडी असो, कोयता असो, माझं शिलाई मशीन असो. तर त्या ग्रीसच्या डब्याबरोबर टेपही बाहेर यायचा. स्क्रू काढून बोटानं आत ग्रीस, मग प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, तुमी कदी माझ्या शिलाई मशीनला एवढं जपलं नाय.

आणि मग ती दुपार. त्यावरून तुझं माझं जे झालं ते अजून मिटलेलं नाही, आणि तू मध्येच उठून गेलीस.

तू हाक मारलीस, "जमने, ये, आपली गाणी भरू." मी हातातलं टाकून आले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, चला, आता कायमचं राहील, आणि दोघींचं राहील. ओट्यावर स्टूल, स्टुलावर टेप. टेपाची एक बाजू सावलीत, भिंतीला टेकून बसता येईल अशी. दुसरी बाजू पार उन्हात. तू सावलीत जाऊन बसलीस. लाल दिवाही तिकडंच.

"मी हितं उनात बसू?" मी म्हटलं.

"बस ना गो त्या बाजूला. सांगते तर आयकत जा."

"आन् तू सावलीत काय म्हणून?"

"जमने, बस!"

बसले. डोळ्यांवर ऊन, कपाळावरून घाम, आणि समोर तू गार भिंतीला टेकून ओळ टाकतेस. माझा इतका जळफळाट झाला की एका उत्तराला मी अडले. शब्दच सुचेना. तू स्टुलाला वळसा घालून माझ्याजवळ सरकलीस, कानाशी काहीतरी पुटपुटलीस, आणि परत आपल्या सावलीत गेलीस. गाणं पुढं गेलं. सगळं संपल्यावर तू म्हणालीस, थांब, लावते, आयक. मी म्हटलं, "तुलाच लाव. टेप तुजा, दिवा तुजा, सावलीपण तुजी." आणि पायात चपला सरकवून निघून आले.

ती कॅसेट मी कधीच ऐकली नाही. तुझ्या दारात जाऊन, लाव गो जरा, असं मी म्हणणार होते होय?

पुढच्या लग्नसराईत मी तुझ्या समोर बसले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. मग आमच्या ह्यांची पाळी बदलली आणि आम्ही बोईसरला खोली घेतली. सगळ्यांना सांगितलं, कंपनीला जवळ पडतं. तू काय ते ओळखलं असशील. समुद्र तुझ्याकडं राहिला आणि माझ्या खिडकीत दिवसभर कंपन्यांचा वास. तुझ्या मंजूला गोवर आला तेव्हा मी आले, तुझ्या शेजारी बसले, तिथून पुन्हा बोलायला लागलो. सणाला येणंजाणं, सुकट देणं, चिकू देणं, सगळं सुरू झालं. गाणं तेवढं नाही. हळदीला तू टाकायचीस आणि कुणी ना कुणी झेलायचं. मी मागे उभी राहून त्या झेलणाऱ्यांच्या चुका मोजायचे. एकदा तू माझ्याकडं मान वळवून बघितलंस. मी सुपारी कातरत राहिले.

तुझं दिवसकार्य झालं आणि थोड्या दिवसांनी मंजू माझ्याकडं बोईसरला आली. लग्न ठरलेलं होतंच, आता वर्षाच्या आत उरकायचं म्हणून वैशाखातच धरलं. तुझी मुलगी तुझ्यासारखीच, एकदम मुद्द्यावर येते.

"काकी, माझ्या हळदीला आईचं गाणं पायजे."

"आता कुठनं आणू गो?"

"टेपात हाय ना. ती कॅसेट आईनं ठेवलीय, पेटीत. टेप माळ्यावर हाय, पण बंद. बाबा म्हणतात, टाकून दे. तू कर ना कायतरी."

आता बघ. मेलीस तरी हळदीला तूच गाणार. आणि चालू करून द्यायचं कुणी? मी. तिच्यासमोर हो म्हटलं आणि ती गेल्यावर मोरीत जाऊन भांडी आपटली. पण मनातून मलाही तेच हवं होतं, हिरू. एकदा तुझा आवाज. बाकीच्यांच्या आधी, मला एकटीला.

नवापूरला येऊन टेप माळ्यावरून काढला तर प्लास्टिक त्याला चिकटलेलं. जाळीत झुरळांची अंडी. बॅटरीच्या कप्प्यात हिरवी पूड. एरियल अर्धीच उरलेली, खाऱ्यानं खाल्लेली. ओट्यावर बसून मी जुन्या ब्रशानं आणि रॉकेलच्या बोळ्यानं तो घासला. कडेकडेनं घासता घासता खालून चंदेरी रंग निघायला लागला आणि मला सगळं आठवून पुन्हा पोटात दुखायला लागलं. मी आणखी जोरात घासलं. मग जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीनं बोईसरला आणला. कंडक्टर म्हणाला, बाळ आहे का? मी म्हटलं, सवत आहे.

बोईसर बाजारातला रेडिओवाला उत्तरेकडचा. झाकण उघडलं आणि माझ्याकडं बघतच राहिला. "चाची, ये टेप है या नाव का इंजन? इसमें तो ग्रीस ही ग्रीस है." आतला रबराचा पट्टा ग्रीसमध्ये विरघळून डांबर झाला होता. त्यानं ते काडीनं खरवडलं, मी शेजारी बसून कापूस करून दिला. नवीन पट्टा घातला, मोटर चालली. पण कॅसेट मागे फिरवायचं बटण काही केल्या धरेना. "वो पेन से घुमा लेना," म्हणाला. रेडिओवर कुठलंही स्टेशन लावलं तरी नुसती खरखर. लाल दिवा पेटलाच नाही. कॅसेटचं झाकण बंद राहीना, त्याला मी माझ्या केसांचं रबर लावलं. म्हणजे दुरुस्त झाला असंही नाही आणि नाही झाला असंही नाही. पण दुसरी एक कॅसेट घातली तर दोन्ही जाळ्यांतून गाणं आलं, आणि तो हसला, आणि मीही हसले.

मग मी तुझी कॅसेट दिली. तिच्या आतला, फितीला दाबून धरणारा नमद्याचा तुकडा पडला होता, तो त्यानं नवीन चिकटवला. मी पदर नीट केला. कशाला केला कोण जाणे.

उजवीकडच्या जाळीतून गाणं आलं. डावीकडून नुसती सूं सूं. आणि गाणं माझं होतं, हिरू. माझा तेव्हाचा आवाज, खणखणीत. नवरी बापाच्या होडीत बसली. मग सगळं शांत. मग डोईवर भावानं सावली धरली. पुन्हा शांत. नीट कान दिला तर त्या शांततेत लांब कुठंतरी, खाडीपलीकडून कुणी हाक मारावी तसं काहीतरी होतं. शब्द नाहीत, नुसती चाल. ती तू. टेपात नुसती उत्तरं होती, विचारणारं कुणीच नव्हतं.

त्यानं ती तिथंच थांबवली आणि लगेच नवीन कॅसेट घालून दोन्हीकडून "हॅलो, हॅलो" करून बघितलं. डावीकडच्या, म्हणजे त्या दुपारी सावलीत होती त्या बाजूच्या बारीक भोकात सुई घातली. सुईला ग्रीस आलं. "इस तरफ़ का माइक तो कब का मर गया, चाची. किसी ने छेद में ग्रीस भर दिया है."

मी टेप घेऊन तशीच एसटीनं नवापूरला आले. भाऊजी जाळं शिवत होते. मी त्या भोकातल्या ग्रीसचं विचारलं. मग सुई खाली ठेवून म्हणाले, "मला वाटला तेल घालायचा होल हाय. इंजिनाला असतो ना तसाच, बारका. पयल्याच पावसाळ्यात भरला. हिरू लय बोलली मला. मग म्हणाली, कुणाला सांगू नका, लोक हसतील तुमाला. ती त्या बाजूला कदी कुणाला बसवायचीच नाय. मंजूला बोबडं बोलायला लावायची ते पन दुसऱ्या बाजूनं."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मला उन्हात बसवलंस ते जिवंत माइकासमोर बसवलंस, आणि तू स्वतः मेलेल्या बाजूला जाऊन बसलीस. माझा राग कुठं जाईना, कुठं ठेवू तेही कळेना. सांगायला काय झालं होतं गो? नवऱ्याची अब्रू जाईल म्हणून? मी काय गावभर दवंडी पिटली असती? बरं, पिटली असती. पण दोघी एकाच बाजूला का नाही बसलो? जागा होती. ऊन होतं, पण जागा होती. का तुला वाटलं, तुझा आवाज एवढा खडा की पलीकडच्या माइकातही जाईल? तसं असेल तर बरं झालं, नाही गेला. आणि तसं नसेल, मुद्दाम मला दिलं असशील, तर तेही मला नको होतं. मी मागितलं नव्हतं. इतकी वर्षं मी तुझ्यावर मनसोक्त जळत आले आणि आता कळतंय की त्या एका बाबतीत तरी जळायला तू काही ठेवलंच नव्हतंस. हा कुठला न्याय?

मंजूला काय सांगायचं, हा घोर. तिला आईचं गाणं हवं आणि टेपात आई नाही. शेवटी तिला समोर बसवलं आणि कॅसेट लावली. म्हटलं, बघ, आयक, हे असं हाय. पहिली दोन उत्तरं तिनं ऐकली. रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हां, हेच. पण आई कुठाय?" मग तिच्या ध्यानात आलं. "काकी, म्हणजे आई वरनं गायची! तुमी बोईसरला गेल्यावर ती रोज दुपारी सुकट निवडताना ही कॅसेट लावायची आन् बरोबर गायची. मी मांडीवर असायची. मला वाटायचं, तुमी दोघी टेपातच हायत."

मी उठून मागच्या दारी गेले. विहिरीवर जाऊन पाणी काढलं, नको असताना.

हळदीच्या सकाळी आणखी एक झालं, तेही ऐक. मी येऊन बघते तर टेप मांडवात मांडलेला, पुसून लख्ख, आणि माझा आवाज रेड्यासारखा निघतोय. भाऊजी शेजारी उभे, हातात तेलाची बुधली! "जरा खारं लागलं होतं, म्हणून दोन थेंब." मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. हळदीला बायका जमायला लागलेल्या, उंबराची फांदी मांडवात आलेली, आणि मी उकिडवी बसून मागचं झाकण उघडून रेडिओवाल्यानं दिलेल्या स्पिरिटनं पट्टा पुसतेय. दोनदा पुसला, एक स्क्रू मातीत गेला तो गेलाच. पण आवाज सरळ झाला. किंचित जाड राहिला, एवढंच.

मग मी मंजूसमोर बसले. टेप माझ्यापुढं, आणि टाकायची ओळ माझ्या तोंडी. जन्मभर मला हेच हवं होतं ना? घे. मी विचारलं, नवरी कुठल्या होडीत बसली, आणि टेपातून माझ्याच तरण्या आवाजानं उत्तर दिलं. बायका कुजबुजल्या. तू जिथं जिथं श्वास घ्यायचीस तिथं तिथं मी घेतला, नाहीतर टेप माझ्यासाठी थांबणार नव्हता. तेव्हा कळलं की टाकणारीला किती थांबावं लागतं. झेलणाऱ्यासाठी जागा सोडावी लागते. तू किती सोडायचीस गो! माझा आता श्वास पुरत नव्हता.

आणि हिरू, मी तिसरी ओळ टाकली, नवरीच्या मागं दारात कोण उभं राहिलं, आणि टेपातून उत्तरच आलं नाही. मला वाटलं, पट्टा गेला. कान जाळीला लावला. तर अगदी जवळून, कानाशी, तू म्हणालीस, "बोल गो."

तेवढंच. मी अडले होते ना त्या दुपारी, तेच. तू सावली सोडून माझ्याकडं सरकली होतीस, म्हणून उन्हाच्या बाजूनं तुला पकडलं. पुढं मी उत्तर दिलं, आई उभी राहिली, आणि मंजू रडली आणि सगळा मांडव रडला. पण तो शब्द कुणी ऐकला नाही. माझा कान तिथं होता म्हणून मला ऐकू आला.

म्हणजे हिशेब असा झाला की माझ्या रागाची सगळी वर्षं तुझ्याकडं मी होते. तू रोज दुपारी सुकट निवडत मला प्रश्न विचारत होतीस आणि मी न चुकता उत्तर देत होते. बोईसरच्या खोलीत माझ्याकडं कोण होतं? आणि मी टेप लावला तर मीच निघाले. याचं मला इतकं दुखतं की त्यापुढं ते वयनी म्हणणं, तो टेप, तो लाल दिवा, सगळं काहीच नव्हतं.

परवा मंजू सासरी पालघरला निघाली. टेप तिला दिला. केसांचं रबर काढलं नाही, भाऊजींना हात लावू देऊ नको म्हणून बजावलं. ती कॅसेट बाहेर काढून म्हणाली, "ही तू ठेव काकी. हिच्यात तुजाच आवाज हाय, आई कुठं हाय?"

मी घेतली आणि पदरात बांधली. तिला गाडीत बसवलं. नाही सांगितलं मी तिला, हिरू, आणि सांगणारही नाही.